बेटाचा भात

इतिहासाच्या तासाला आपण राजे, लढाया आणि तह शिकवतो. त्या देशातली माणसं काय जेवत होती आणि ते धान्य कुठून येत होतं, हा प्रश्न मात्र सहसा राहून जातो. या लेखात आम्ही हा प्रश्न एका बेटाला विचारून पाहणार आहोत. श्रीलंकेचं क्षेत्रफळ सुमारे 65,600 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश. रोजचं मुख्य अन्न भात. जे पिकत नाही ते जहाजानेच आणावं लागतं. जहाज थांबलं, की त्याची झळ थेट चुलीपर्यंत पोचते.

हे बेट पूर्वीपासून परावलंबी नव्हतं. त्याच्या कोरड्या भागात पावसाचं पाणी अडवणाऱ्या तलावांच्या साखळ्या होत्या. बाराव्या शतकात राजा पहिला पराक्रमबाहू याने पोलोन्नरुवा इथे बांधलेला ‘पराक्रम समुद्र’ हा तलाव आजही शेतीला पाणी देतो. पुढे ही व्यवस्था मोडकळीला आली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी डोंगरउतारांवर कॉफी लावली. 1869 पासून तिच्यावर तांबेरा रोग पडला आणि कॉफी बुडाली. तिच्या जागी चहा आला, नंतर रबरही आलं. चहा आणि रबर विकायचं, त्या पैशातून ब्रह्मदेश आणि भारतातून तांदूळ आणायचा, असा हिशेब बसला. बाजार सुरळीत होता तोवर तो फायद्याचा वाटत होता.

मार्च 1942 मध्ये जपानी सैन्याने रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. सिलोनमध्ये (देशाचं तेव्हाचं नाव) तांदळाचं रेशनिंग सुरू झालं. 1948 मध्ये स्वातंत्र्य मिळालं, पण तेव्हाही निम्म्याहून अधिक तांदूळ बाहेरूनच येत होता. 1952 मध्ये तांदूळ महागला आणि रबराचा भाव उतरला. तेव्हा सिलोनने चीनशी पाच वर्षांचा करार केला: दरवर्षी सुमारे 50 हजार टन रबर द्यायचं आणि 2 लाख 70 हजार टन तांदूळ घ्यायचा. यामुळे अमेरिका नाराज झाली, तरी देशाने करार मोडला नाही. पुढच्याच वर्षी सरकारने रेशनच्या तांदळाचा भाव मापाला 25 सेंटवरून 70 सेंट केला. 12 ऑगस्ट 1953 रोजी देशभर बंद पाळला गेला. तिथेही त्याला आपल्यासारखं ‘हरताळ’ असंच म्हणतात. गोळीबारात माणसं मेली आणि ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान डडली सेनानायके यांनी राजीनामा दिला.

याच काळात एक काम फारसा गाजावाजा न होता चालू होतं. बाटलगोडा इथल्या भातसंशोधन केंद्रात ‘मुरुंगकायन 302’ हा स्थानिक वाण आणि इंडोनेशियातला ‘मास’ यांच्या संकरातून ‘एच-4’ हा वाण तयार झाला. तो करपा रोगाला तोंड देई आणि खताला चांगला प्रतिसाद देई. पण तो उंच असल्याने खत जास्त झालं की लोळायचा. म्हणून पुढे बुटके वाण आले. 1962 पासून खताला अनुदान मिळू लागलं. 1970 च्या दशकाच्या शेवटी महावेली नदीवरच्या धरणांना आणि कालव्यांना वेग आला. 1950 च्या सुमारास हेक्टरी दीड टनाच्या आसपास असलेलं उत्पादन हळूहळू चार टनांच्या वर गेलं. चांगल्या पावसाच्या वर्षी देश तांदळात जवळजवळ स्वयंपूर्ण होऊ लागला. याला साठ वर्षं लागली.

या यशाची किंमतही होती. खत स्वस्त असल्याने ते गरजेपेक्षा जास्त पडू लागलं. पाणी आणि माती यांबद्दलची काळजी खरी होती. म्हणून दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडे वळण्याचं आश्वासन 2019 च्या निवडणुकीत दिलं गेलं. मात्र मे 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद करण्यात आली. परकीय चलनाची टंचाई हेही त्यामागचं एक कारण होतं.

इथे आपण एक साधं गणित करू. एक टन भात पिकताना पीक साधारण 15 ते 20 किलो नत्र उचलतं. हेक्टरी चार टनांना 60 ते 80 किलो नत्र लागेल. काही नत्र माती, पाऊस आणि जिवाणू यांच्याकडून मिळतं, तरी मोठा वाटा बाहेरून द्यावा लागतो. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे 50 किलोच्या तीन पोत्यांत 69 किलो. कंपोस्टमध्ये ते एक टक्क्याच्या आसपास धरलं, तर तेवढ्याच नत्रासाठी जवळजवळ सात टन कंपोस्ट लागेल. शिवाय त्यातलं नत्र सावकाश सुटतं, सगळं पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. आता याला लाखो हेक्टरांनी गुणा. एवढं कंपोस्ट काही महिन्यांत कुठून येणार?

ते आलं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये बंदी उठवावी लागली, पण हंगाम हातचा गेला होता. 2022 मध्ये भाताचं उत्पादन आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने घटलं. परकीय चलन संपलेलं असताना तांदूळ आयात करावा लागला. इंधन, औषधं, धान्य अशा सगळ्यांचीच टंचाई झाली आणि जुलै 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. त्यामागे कर्जासारखी इतर कारणंही होती, पण ताटातला भात हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

यातून ‘सेंद्रिय शेती वाईट’ असा निष्कर्ष काढणं आम्हाला चुकीचं वाटतं. शेणखत, हिरवळीची खतं आणि खताचा नेमका वापर यांनी मातीचा कस सुधारतो, पण त्याला वर्षं लागतात. वाण, कालवे आणि माती यांचा वेग हंगामाचा असतो, सरकारी आदेशाचा नसतो. ज्या देशाकडे चुकीची भरपाई करायला शेजारचा जिल्हा नाही, त्याच्या अन्नधोरणाने तर हा वेग आधी ओळखायला हवा.

वर्गात एक गोष्ट करून पाहता येईल. मुलांना घरातल्या स्वयंपाकाच्या जिन्नसांची यादी करायला सांगा. कोणता जिन्नस कुठून येतो ते शोधू द्या आणि मग विचारा: ही वाट सहा महिने बंद झाली, तर आपण काय पेरू, आणि ते हाती यायला किती दिवस लागतील?