इल्म आणि अमल

इ. स. १२०६ म्हटले की शाळेच्या पुस्तकातले एकच वाक्य आठवते : कुतुबुद्दीन ऐबक दिल्लीच्या तख्तावर बसला. त्याच वर्षी, म्हणजे हिजरी ६०२ मध्ये, दजला नदीच्या काठावरील आमिद शहरात एका दरबारी कारागिराचा ग्रंथ पुरा झाला. आमिद म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले दियारबकीर. ऐबकाची कारकीर्द चार वर्षांत संपली. त्या कारागिराचे पुस्तक समोर ठेवून मात्र विसाव्या शतकातल्या लोकांनी त्यातली यंत्रे उभी केली आणि ती चालली.

त्याचे नाव बदीउज्जमान अबुल इज्ज इब्न इस्माईल इब्न अर-रज्जाज अल-जझरी. दजला आणि फुरात या दोन नद्यांमधला प्रदेश म्हणजे अल-जझीरा, तिथला म्हणून जझरी. त्याच्या जन्माचा, घरादाराचा तपशील इतिहासाने ठेवलेला नाही. जी काही माहिती आहे ती त्याने स्वतः पुस्तकाच्या आरंभी दिली तेवढीच. हिजरी ५७० पासून तो अर्तुकी घराण्याच्या चाकरीत होता. आधी बाप, मग थोरला मुलगा, मग धाकटा नासिरुद्दीन महमूद. पंचवीस वर्षे चाकरी झाल्यावर एके दिवशी नासिरुद्दीनने त्याचे एक यंत्र पाहिले आणि हुकूम केला, की तू जे घडवलेस ते लिहून ठेव, नाहीतर ते तुझ्याबरोबर वाया जाईल. सुलतानांच्या लढायांची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. मला विचाराल तर नासिरुद्दीनच्या नावावर हा एक हुकूम पुरेसा आहे.

ग्रंथाचे जे लांबलचक नाव आहे त्यात दोन शब्द शेजारी शेजारी बसले आहेत : इल्म आणि अमल. यंत्रांच्या हुनरात या दोहोंचा मेळ घालणारे पुस्तक, असा त्या नावाचा मतलब. आपल्याकडे हे दोन शब्द बहुधा वाजमध्येच कानावर पडतात. हा माणूस ते भट्टी, कानस आणि करवतीच्या संदर्भात वापरतो. जुन्या विद्वानांचे ग्रंथ त्याने वाचले होते, पण करून पाहिल्याशिवाय तो कशावरच विश्वास ठेवत नाही. ज्या इल्मचा पडताळा हाताने घेतलेला नाही ते खरे आणि खोटे यांच्यामध्ये लोंबकळत राहते, असे त्याचे म्हणणे. बनू मूसा बंधूंचे कारंजे त्याच्याआधी साडेतीनशे वर्षांचे. त्यांचा तो मान राखतो, आणि लगेच सांगतो की त्यांच्या कारंज्याची धार इतक्या लवकर बदलते की पाहणाऱ्याला फरक कळत नाही. मग स्वतःची रचना देतो.

पुस्तकात एकूण पन्नास यंत्रे आहेत. घड्याळे, मेजवानीची पात्रे, वजूची आणि रक्तमोक्षणाची भांडी, कारंजे, पाणी वर चढवण्याची यंत्रे, कुलपे. यातली अर्धी निव्वळ दरबारी मौज आहे हे कबूल करायला हवे. पण वजूचे यंत्र वाचताना मी थांबलो. नोकराने किंवा दासीने आपल्या हातावर पाणी ओतावे हे सुलतानाला आवडत नसे, म्हणून त्याने दुसरा उपाय मागितला. जझरीने तांब्याचा एक गुलाम उभा केला. त्याच्या हातातल्या झारीवरचा पक्षी शीळ घालतो, मग पाण्याची धार पडते, पाणी संपत आले की त्याचा दुसरा हात रुमाल, आरसा आणि कंगवा पुढे करतो. सांडलेले पाणी एक बदक पिऊन टाकते.

सगळ्यात गाजलेले त्याचे हत्तीचे घड्याळ. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी, टाकीवर तळाला बारीक भोक असलेला वाडगा तरंगतो. भोकातून पाणी शिरते आणि अर्ध्या तासाने वाडगा बुडतो. ही कल्पना जझरीची नाही, आपल्याकडची आहे. पंचांगवाल्या जोशीबुवांचे घटिकापात्र ते हेच. लग्नात मुहूर्त साधायला ते पाण्यात सोडत. ‘त्याची घटका भरली’ असे आपण सहज म्हणून जातो तेव्हा तोच वाडगा आपल्या तोंडी असतो, आणि ‘घड्याळ’ शब्दही त्याच घरातला. फक्त आपल्याकडे वाडगा बुडाला की तो उपसून रिकामा करायला माणूस लागे. जझरीने तो माणूस काढून टाकला. बुडणारा वाडगा साखळी ओढतो, वरून एक गोळा सुटून ससाण्याच्या चोचीतून सापाच्या जबड्यात पडतो, गोळ्याच्या वजनाने साप खाली झुकतो, झुकताना वाडगा कलता करून पाण्याबाहेर ओढतो. गोळा निसटला की साप वर, वाडगा पुन्हा पाण्यावर. तेवढ्यात माहूत हत्तीच्या डोक्यावर ठोका देतो. साप दिसायला शोभेचा आहे, काम मात्र तरफेचे करतो. नक्षी कुठे संपली आणि यंत्र कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही.

अलीकडे त्याला रोबोटचा जनक वगैरे म्हणण्याची फॅशन आली आहे. व्याख्यानांतून टाळ्याही मिळतात. मला ते फारसे रुचत नाही, कारण त्याने स्वतः कुणाचे काय घेतले ते लपवलेले नाही. त्याचे खरे मोठेपण बारीकसारीक गोष्टींत आहे. लाकूड बाक धरू नये म्हणून पातळ फळ्या एकावर एक चिकटवाव्यात. झडप आणि तिची बैठक एमरीच्या भुकटीने एकमेकींवर घासून घ्यावी, म्हणजे पाणी झिरपत नाही. मोठे काम हाती घेण्याआधी कागदाचा नमुना करावा. आमिदच्या राजवाड्याचे धातूचे दार करताना ओल्या वाळूच्या बंद साच्यात ओतकाम कसे केले, हेही तो लिहितो. चित्रे मापात नाहीत, पण मापे शब्दांत आहेत. हे लिहिणारा मुनशी नव्हता, त्याचे हात भाजलेले असणार.

कारागीर सहसा लिहीत नाही. लिहिणारे कारखान्यात जात नाहीत. आमच्या मोहल्ल्यात कुलपे दुरुस्त करणारे एक चाचा होते. किल्ली हरवलेली तिजोरी कानाने ऐकून उघडत. लग्नाच्या दावतीत त्यांची बैठक मौलवी, वकील, मास्तर यांच्या रांगेत कधी नसायची. त्यांचा मुलगा ऑफिसात चिकटला याचा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. चाचा गेले तेव्हा त्यांच्या हातातले सारे त्यांच्याबरोबर कबरीत गेले. जझरीने आपल्या पुस्तकात चार तबकड्यांचे अक्षरी कुलूप दिले आहे. ते वाचताना चाचांना विचारावेसे वाटले.

हुनर वाचते तेव्हा कसे वाचते याचे उदाहरण दूर नाही. मिरजेचे शिकलगार तलवारींना पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम आटले तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी भोपळा, लाकूड आणि तारा हाती घेतल्या आणि सतार-तंबोरे घडवले. २०२४ मध्ये त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी लावण्याची कला मात्र आजही बापाच्या हाताकडे पाहूनच मुलगा शिकतो.

जझरीच्या पुस्तकाच्या नकला होत राहिल्या. सर्वांत जुनी ज्ञात प्रत इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहात आहे. १३१५ सालच्या एका सुंदर प्रतीची पाने सुटी होऊन विकली गेली, हत्तीच्या घड्याळाचे पान न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. १९७४ मध्ये डोनाल्ड हिल या इंग्रज इंजिनिअरने सबंध ग्रंथ इंग्रजीत आणला, आणि १९७६ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जझरीचे मोठे जलघड्याळ उभे राहिले.

आमिदचे ते दार काही उरले नाही. पण त्यावरच्या कडीचे जे चित्र ग्रंथात आहे, अगदी त्याच घाटाच्या दोन कड्या जिझरेच्या जामा मशिदीच्या दारावर होत्या. सिंहाचे डोके आणि त्याच्या दोन बाजूंना वळलेले अजदहे. १९६९ मध्ये त्यातली एक चोरीला गेली. ती आता कोपनहेगनच्या एका संग्रहालयात आहे, तिची जोडीदार इस्तंबूलमध्ये.