एका बाराची बंदूक

आमच्या आर्वी भागात जुनी माणसं बंदुकीचे दोनच प्रकार मानत. एक भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू न् छर्रे गजानं ठासून भरायची. दुसरी काडतुसाची. भरमार कास्तकाराची, काडतुसाची मालगुजाराची नाहीतर पोलिसाची. पण यातल्या बहुतेक बंदुकांत एक गोष्ट सारखी होती. एका भरण्यात एकच बार निघायचा. माझे आबाजी जागलीवर निघताना म्हणत, "येकच बार हाय बाप्पा. चुकला त रात गेली." रानडुकरांचा कळप तुरीत शिरला, की तो बार हवेतच काढायचा. आवाजानं जनावर पळालं म्हणजे काम झालं.

हा एकच बार आपल्या वाट्याला का आला, याचा उलगडा मला पुस्तकातून झाला नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत. पण जुन्या बंदुका पाहायचा नाद लहानपणापासून आहे. जमवायचा नाही, तो शौक पैसेवाल्याचा. मी फक्त बंदुकीवरच्या खुणा वहीत उतरवून घेतो. निवडणूक लागली, की परवानेवाल्यांना आपापली बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. कोणी पोत्यात गुंडाळून आणतो, कोणी धोतराच्या फडक्यात. रांगेत दोन-दोन तास जातात. तेवढ्यात मालकाला विचारून पाहून घेतो.

पाहायची एक रीत आहे. सर्वांत आधी बंदूक भरलेली आहे का ते बघायचं. भरमारीचा गज नळीत हळूच सोडायचा, तोंडाशी बोटानं खूण धरायची आणि गज बाहेर काढून नळीवर मापायचा. गज बुडापर्यंत न जाता चार बोटं वरच थांबला असेल, तर आत जुना बार ठासलेला आहे असं समजायचं. आजोबांनी भरून ठेवलेली बंदूक नातवाच्या हातात उडू शकते. अशी बंदूक तशीच खाली ठेवायची न् परवानावाल्या दुरुस्तीवाल्याला बोलवायचं. घरी खटपट करायची नाही.

मग आग कशी लागते ते पाहायचं. जळती वात दारूला टेकवणारी ती तोडेदार. १८१७ साली नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली, तेव्हा भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांकडे अशा बंदुका होत्या. घोड्याच्या तोंडात गारेचा दगड असेल तर ती चकमकीची. घोड्याखाली लहानशी पोकळ टोचणी असेल आणि तिच्यावर तांब्याची टोपी बसत असेल तर ती टोपीची. इंग्रजांच्या फौजेत टोपी १८४० च्या सुमारास आली. आमच्याकडच्या भरमारी बहुतेक या टोपीच्याच.

तिसरी गोष्ट नळी. उजेडाकडे धरून आत बघा. मळसूत्रासारखे पीळ दिसले तर ती रायफल, गुळगुळीत असेल तर साधी बंदूक. पिळानं गोळी फिरत जाते, म्हणून लांब न् नेमकी जाते. इंग्रजांचा सगळा हिशोब मला या पिळातच सापडला.

१८५३ साली त्यांनी एन्फिल्डची ठासणीची रायफल काढली. तोंड .५७७ इंचाचं, आत पीळ. १८५७ ला ज्या काडतुसांच्या चरबीवरून पेट घेतला, ती हिचीच काडतुसं. उठाव मोडल्यावर हिंदी शिपायांसाठी वेगळी बंदूक आली. बाहेरून हुबेहूब एन्फिल्ड, पण आतले पीळ नाहीसे करून नळी .६५६ इंचाची गुळगुळीत केलेली. शिपायाला बंदूक तर द्यायची, पण लांबचा नेम द्यायचा नाही. आज अशी बंदूक एखाद्याला दिसली, तर वरची शिक्के-तारीख पाहून तो तिला रायफलच समजेल. नळीच्या तोंडात करंगळी फिरवली, की पीळ आहे-नाही ते कळतं.

पुढंही असंच चाललं. १८६६ मध्ये स्नायडर आली. हीही एका बाराची, पण काडतूस मागून भरायची. उजवीकडं उघडणारं झाकण ही तिची ओळख. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिला बाहेर घोडाच नाही. दस्त्याखालचा लांब दांडा खाली ओढला, की नळीचं बूड उघडतं. आतली रचना स्वित्झर्लंडच्या मार्टिनीची, नळी एडिनबरोच्या हेन्रीची, म्हणून जोडनाव. गोऱ्यांना मार्टिनी मिळाली, तेव्हा हिंदी पलटणींच्या हाती स्नायडर आली. १८८८ पासून गोऱ्यांना आठ काडतुसांची पेटी असलेली ली-मेटफर्ड मिळू लागली, तेव्हा मार्टिनी आमच्या शिपायांकडं सरकली. नव्या बैलजोडीनंतर जुनी सालदाराला द्यावी तसं.

फौजेचं हे, तर गावाचं काय? १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा झाला. परवान्याशिवाय बंदूक ठेवता येईना, आणि गोऱ्यांना मात्र त्यातून सूट. सारं जग गांधीजींना अहिंसेसाठी ओळखतं, आमच्या वर्धा जिल्ह्यातच ते कित्येक वर्षं राहिले. पण त्यांनीही १९१८ च्या एका पत्रकात या कायद्याला इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांतलं सर्वांत काळं म्हटलं होतं. त्यांना बंदूक पाहिजे होती असं नाही. एका अख्ख्या देशावर सरकारनं अविश्वास दाखवला, तो त्यांना बोचला होता. १६ ऑगस्ट १९४२ ला आमच्या तहसिलीतल्या आष्टीच्या ठाण्यावर लोक झेंडा घेऊन गेले, तेव्हा आतून गोळीबार झाला. त्या दिवशी लोकही मेले, पोलीसही मेले. हत्यार कोणाच्या हाती द्यायचं हा प्रश्न गावानं त्या दिवशी डोळ्यांनी पाह्यला.

पोलिसाच्या बंदुकीचीही एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी इथं दहा काडतुसांच्या ली-एन्फिल्ड रायफली घेतल्या, त्यांचं तोंड .४१० चं गुळगुळीत केलं आणि काडतुसाच्या पेटीत लाकडाचा ठोकळा बसवला. म्हणजे दहा बारांची रायफल मुद्दाम एका बाराची केली. ही 'मस्कट' पोलीस न् तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिली. पळवली गेली तरी तिच्यात फौजेचं काडतूस चालू नये न् एकापेक्षा जास्त बार निघू नयेत, हा हिशोब. स्वराज्यानंतरही कित्येक ठाण्यांत ती दिसायची.

स्वतंत्र देशाचा कायदा १९५९ चा, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्यात कास्तकाराची आठवण ठेवली आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, असं कलमातच लिहिलं आहे. आमच्या घरच्या परवान्यात सगळा इतिहास शिक्क्यांत उतरलाय. आधी मध्यप्रांत व वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, १९५६ नंतर मुंबई राज्य, १९६० नंतर महाराष्ट्र. चार सरकारं बदलली, बंदूक तीच न् बारही एकच.

तिच्या खुणा वाचायला मला लय दिवस लागले. नळीवर अंडाकृती शिक्का, त्यात बारीक अक्षरं न् खाली तारा. तो बेल्जियममधल्या लीएज शहराचा, तिथं नळी तपासून हा छाप मारत. कुलपाची पट्टी इंग्रजी. दस्ता आमच्या सुतारानं केलेला, सागाचा. तीन मुलखांची बंदूक एका वावरात उभी राह्यली.

खुणांत फसवणूकही असते. मुकुटाखाली 'व्ही. आर.' म्हणजे व्हिक्टोरिया राणी. राणी गेली जानेवारी १९०१ मध्ये. त्याखाली १९०७ साल कोरलं असेल, तर बंदूक नकली समजा. वायव्य सरहद्दीवरच्या दऱ्यात हातानं मार्टिनी बनवत. त्यांच्यावर 'एन्फिल्ड' शब्दातला इंग्रजी एन कधीकधी उलटा असतो. बाणाचं टोक म्हणजे सरकारी माल. दोन टोकं एकमेकांना भिडलेली दिसली, तर तो सरकारनं विकून टाकलेला.

जगात या बंदुकांना मान आहे. अमेरिकेच्या कायद्यात १८९८ पर्यंतची बंदूक पुरातन धरली जाते. २००३ मध्ये नेपाळच्या राजांच्या जुन्या शस्त्रागारातल्या हजारो एन्फिल्ड, स्नायडर, मार्टिनी अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. आमच्याकडं म्हातारा वारला, की वारस म्हणतो, "या लोखंडासाठी वर्ध्याच्या चकरा कोण मारते?" पिकाला झटका मशीन आली, फटाके आले. बंदूक ठाण्यात जाते ती कायमची. माझ्या वहीतल्या कितीतरी बंदुका आता कोणाच्याच घरी नाहीत.

बंदूक लपवून ठेवा, असं मी कधीच म्हणणार नाही. माळ्यावर जुनी बंदूक सापडली न् परवाना नसेल, तर ती जवळच्या ठाण्यात किंवा परवानावाल्या दुकानदाराकडं द्यायची, हा कायदा आहे. दुरुस्त होऊच शकत नाही अशी पुरातन बंदूक कायद्यातून सुटते, पण ती तशी आहे का हे आपण ठरवायचं नाही, सरकारी कागद घ्यायचा. वारसाला परवाना करून घेता येतो, त्यासाठी वेळेत अर्ज पाहिजे. घरी राह्यली तर लोखंडाला रेजमाल लावू नका, खुणा पुसल्या तर बंदूक मुकी होते. लाकडाला जवसाचं तेल पुरतं.

आणि द्यायचीच असेल, तर देण्याआधी एक काम करा. शंभर पानी वही घ्या. नळीची लांबी, तोंडाचं माप, पीळ आहेत की नाही, शिक्के जसे दिसतात तसे काढून घ्या. परवान्याच्या जुन्या पानांची नक्कल करा. कोणी कोणत्या वावरात वापरली ते म्हाताऱ्यांना विचारून लिहा. नागपूरच्या अजब बंगल्यात, १८६३ पासूनच्या त्या संग्रहालयात, हत्यारांचं दालन आहे. मोठ्यांच्या तलवारी न् बंदुका अशा ठिकाणी जपल्या जातात. तुरीच्या वावरात रात्रभर बसलेल्या माणसाच्या बंदुकीची नोंद मात्र त्याच्या घरच्यांनाच करावी लागेल.