जोडीतलं दुसरं नाव

टेनिसचा इतिहास आपण बहुधा एकेरीच्या विजेत्यांवरूनच सांगतो. मला आज दुहेरीतल्या पॅम श्रायव्हरबद्दल बोलायचं आहे.

१९७८ साली, अवघ्या सोळाव्या वर्षी ही अमेरिकन मुलगी अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पोचली. उपांत्य सामन्यात तिनं चक्क मार्टिना नवरातिलोवाला हरवलं होतं. अंतिम सामना मात्र ख्रिस एव्हर्टनं जिंकला. एकेरीत ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी पॅमला पुन्हा कधीच लाभली नाही.

पुढे मार्टिनाशीच तिची जोडी जमली. १९८१ ते १९८९ या काळात दोघींनी दुहेरीची २० ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली. १९८४ साली तर चारही. सलग १०९ सामने त्या हरल्या नाहीत. १९८५च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात कॅथी जॉर्डन आणि एलिझाबेथ स्मायली यांनी ही साखळी तोडली.

मार्टिना शेजारी असल्यावर कुणीही जिंकेल, असं आपल्याला सहज वाटतं. पण १९८८चं सोल ऑलिम्पिकमधलं सुवर्णपदक पॅमनं झिना गॅरिसनबरोबर जिंकलं आणि १९९१ची अमेरिकन ओपन नताशा झ्वेरेवाबरोबर.

विजेत्यांच्या यादीत तिचं नाव बहुधा दुसरं असतं. मी हल्ली ते आधी वाचतो.