डॉ. ब्राऊन यांची घाई

माझी सगळी नोकरी क्षयाच्या वॉर्डात झाली, त्यामुळे डॉ. नोएल ब्राऊन यांच्याविषयी तटस्थपणे लिहिणं मला जमणार नाही. आयर्लंडच्या राजकारणात त्यांना हेकट, उतावळे म्हणणारे पुष्कळ. पण त्यांच्या घाईचं मूळ त्यांच्या घरात होतं. जन्म १९१५ चा, वॉटरफर्डचा. वडील क्षयानं गेले, मागोमाग आई गेली, भावंडांतलीही काही त्याच दुखण्यानं दगावली. ट्रिनिटी कॉलेजात डॉक्टरी शिकताना त्यांना स्वतःलाच क्षय झाला. त्यातून ते वाचले आणि विकलो परगण्यातल्या न्यूकॅसल सॅनिटोरियममध्ये डॉक्टर झाले. खाट रिकामी होण्याची वाट पाहणारा रोगी घरात खोकत राहतो आणि तान्ह्या लेकरालाही लागण देतो. हे ज्यानं पाहिलंय, त्याला ‘सावकाश होईल’ हे उत्तर सोसत नाही.

१९४८ साली क्लान ना पोब्लाख्ता या नव्या पक्षातर्फे ते निवडून आले आणि संसदेतल्या पहिल्याच दिवशी आरोग्यमंत्री झाले. वय बत्तीस. घोड्यांच्या शर्यतींवरच्या लॉटरीतून इस्पितळांसाठी मोठा निधी जमला होता. नुसत्या व्याजावर भागवत न बसता त्यांनी मुद्दलालाच हात घातला. नव्या इमारती उठेपर्यंत जुन्या मिळतील तिथे खाटा टाकल्या. स्ट्रेप्टोमायसिन आणि बीसीजी लस त्याच सुमारास हाती आली, हे श्रेय त्यांचं एकट्याचं नव्हे. पण औषध द्यायला आधी रोग्याला खाट लागते, आणि खाटा त्यांनी दिल्या.

मग त्यांनी माता-बालक योजना हाती घेतली. गरोदर बायका आणि सोळा वर्षांखालची मुलं यांना मोफत उपचार, उत्पन्नाची अट नाही. डॉक्टरांच्या संघटनेला खासगी प्रॅक्टिसची धास्ती वाटली. कॅथलिक बिशपांचं म्हणणं असं की, मुलांचं आरोग्य पाहणं हा आईबापांचा हक्क, सरकारनं त्यात पडू नये. शिवाय बायकांना सल्ला देण्याच्या निमित्तानं संततिनियमन शिकवलं जाईल. ऑक्टोबर १९५० मध्ये डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्क्वेड यांच्या वाड्यावर ब्राऊन यांना बोलावून बिशपांचं पत्र वाचून दाखवलं गेलं. आपण त्यांचं समाधान केलं, असं समजून ते परतले. तसं काही झालं नव्हतं. पंतप्रधान जॉन कॉस्टेलो बिशपांच्या बाजूनं उभे राहिले, आणि एप्रिल १९५१ मध्ये पक्षाचे नेते शॉन मॅकब्राइड यांनी ब्राऊन यांचा राजीनामा मागितला.

तो देताना ब्राऊन यांनी सगळा पत्रव्यवहार ‘आयरिश टाइम्स’कडे छापायला दिला. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत मोठं काम. बंद दाराआड कोण कोणाला विचारून कायदे करतं, हे लोकांनी सकाळच्या पेपरात वाचलं.

पुढे ते पक्षामागून पक्ष बदलत राहिले. फियाना फॉल झाला, स्वतः काढलेला नॅशनल प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स झाला, मजूर पक्षही झाला. कुठेच त्यांचं फार काळ पटलं नाही. मंत्रिपद पुन्हा मिळालं नाही. सहकाऱ्यांना बरोबर घेणं त्यांना कधी साधलं नाही, आणि माता-बालक योजना बुडण्यात या दोषाचाही वाटा आहे, हे मला मान्यच करावं लागेल.

१९५३ च्या आरोग्य कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. त्या कायद्यानं बाळंतपणाच्या मोफत सेवेला उत्पन्नाची मर्यादा घातली, आणि त्या सेवेत बाळाची देखभाल धरली ती पहिल्या सहा आठवड्यांपुरती. ब्राऊन यांनी सोळा वर्षं मागितली होती.