उडी कायम, बाकी सारे नवे : ‘सुपर मारिओ’ची चाळीस वर्षे

१९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला जपानमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ विक्रीला आला. दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण पुढे मिठागरांच्या कडेने इमारती उठल्या, मुंबईतली कुटुंबे इकडे राहायला आली आणि १९९१ ते २००१ या दशकात वस्ती पावणेदोन लाखांवरून पाच लाखांपलीकडे गेली. याच काळात वन रूम किचनमधल्या टीव्हीला नकली ‘व्हिडिओ गेम’ जोडला जाऊ लागला. कॅसेटवर लाखो खेळ असल्याचे छापलेले असे, प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. मारिओ त्यात हमखास असायचा. सोबत माहितीपुस्तक नसे आणि समजावून सांगणारेही कोणी नसे. तरी भाईंदरच्या नवघर रोडवरचा पोरगा पाच मिनिटांत तो खेळायला शिकायचा. हे आपोआप झालेले नाही.

हा खेळ काढणारी निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली क्योटोमध्ये फुसाजिरो यामाउची यांनी स्थापन केली, ती हानाफुदा नावाचे खेळायचे पत्ते बनवण्यासाठी. शिगेरू मियामोतो १९७७ मध्ये तिथे रुजू झाले. त्यांचे शिक्षण औद्योगिक डिझाइनचे, प्रोग्रॅमिंगचे नव्हे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये त्यांनी पिंपांवरून उड्या मारणारा एक सुतार आणला; तोच पुढचा मारिओ. चित्र इतके बारीक की तोंड काढायला जागा नव्हती, म्हणून मिशा आल्या. केस हलताना दाखवणे अवघड, म्हणून टोपी आली. हात उठून दिसावेत म्हणून अंगात डांगरी आली. अडचणीतून जे सुचले तेच पुढे त्याची ओळख ठरले.

मात्र ‘डाँकी काँग’मध्ये उडी एकदा मारली की ती ठरल्या रेषेतच जायची. १९८५ मध्ये मियामोतो, ताकाशी तेझुका आणि सहकाऱ्यांनी ती मोकळी केली. बटण दाबून धरले की उडी उंच जाते, धावत आले की लांब पडते, आणि हवेत असतानाही मारिओला थोडे मागेपुढे वळवता येते. पुढची चाळीस वर्षे मालिका याच पायावर उभी राहिली.

पहिल्या लेव्हलचे पहिले दृश्य नीट बघण्यासारखे आहे. मारिओ डाव्या बाजूला उभा, उजवीकडे मोकळी जागा. साहजिकच माणूस उजवीकडे निघतो. समोरून गुम्बा नावाचा रागीट चेहऱ्याचा तपकिरी शत्रू येतो. त्याला धडकले की चान्स गेला, पण खेळ तिथूनच पुन्हा सुरू होत असल्याने फारसे काही गमावलेले नसते. मग उडी मारली जाते, गुम्बा पायाखाली चिरडतो किंवा प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला खालून धडक बसून नाणे मिळते. पुढच्या ठोकळ्यातून मशरूम निघतो, उजवीकडे घरंगळतो, पाइपला आपटून परत मारिओकडेच येतो. डोक्यावर ठोकळे असल्याने घाबरून उडी मारली तरी तो सहसा चुकवता येत नाही. अंगाला लागताच मारिओ मोठा होतो आणि मशरूम चांगला असतो, हे कळते. पुढे समोरासमोर दोन जिने येतात, मधे जमीन आहे. लगेच पुन्हा तसेच दोन जिने, पण आता मधे खड्डा. आधी सराव, मग परीक्षा. अक्षर एकही वाचावे लागत नाही. हा सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. जागा वाचवायला ढग आणि झुडपे एकाच चित्राची, फक्त रंग वेगळा.

१९८६ च्या दुसऱ्या भागात मात्र तोल गेला. विषारी मशरूम, वारा, मुद्दाम चकवणाऱ्या जागा. हा खेळ मुरलेल्या खेळाडूंसाठीच होता. अमेरिकेतल्या शाखेला तो फार अवघड वाटला आणि तिथे १९८८ मध्ये दुसऱ्याच एका जपानी खेळात मारिओची पात्रे घालून ‘भाग दोन’ विकला गेला. त्याच वर्षी जपानमध्ये आलेल्या तिसऱ्या भागाने गाडी रुळावर आणली. त्यात नकाशा आला, म्हणजे कुठल्या वाटेने जायचे हे काही अंशी खेळाडूच्या हाती आले. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये मारिओचा सोबती योशी आला, आणि कॅसेटमधल्या बॅटरीमुळे प्रगती जपली जाऊ लागली.

१९९६ चा ‘मारिओ ६४’ त्रिमितीय झाला. त्रिमितीत उडी कुठे पडेल याचा अंदाज लागत नाही, ही नवी अडचण. म्हणून आधी लेव्हली न बनवता मारिओ नुसता पळवून, उड्या मारायला लावून बघितला गेला. हालचाल हाताला बरी वाटल्यावर बाकीचे जग रचले. २००७ च्या ‘गॅलक्सी’त निन्टेन्डोचे योशिआकी कोइझुमी यांनी जमीनच गोल केली. छोट्या ग्रहावर सरळ चालत राहिले तरी माणूस हरवत नाही. पुढे त्यांचे सहकारी कोइची हायाशिदा यांनी लेव्हलची चार पावलांची रीत सांगितली : नवी गोष्ट सुरक्षित जागी दाखवायची, मग वाढवायची, मग उलटवायची, आणि शेवटी खेळाडूला तिच्यावर हुकमत दाखवू द्यायची. जपानी कथारचनेतली ही रीत पहिल्या खेळातल्या जिन्यांत बीजरूपाने होतीच.

२००६ ते २०१२ दरम्यानचे ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स’चे चार खेळ दणक्यात खपले, पण दिसायला एका साच्यातले झाले. २०२३ च्या ‘वंडर’साठी सुरुवातीचे नमुने करायला मुदतच घातली नव्हती. परिणाम पहिल्याच लेव्हलमध्ये दिसतो. एक फूल घेतले की पाइप अळीसारखे सरपटू लागतात.

या वाटचालीत काय काढून टाकले, हेही पाहावे. २०१७ च्या ‘ओडिसी’त चान्स संपणे बंद झाले, पडले की दहा नाणी जातात. ‘वंडर’मध्ये घड्याळ नाही. मोजके चान्स आणि पळता वेळ हे दोन्ही नाणे टाकून खेळायच्या आर्केडच्या काळातले नियम, पुढच्या नाण्यासाठी खेळाडूला लवकर बाद करणारे. फोनवरच्या बऱ्याच खेळांत आज ‘इथे दाबा’ म्हणणारे बोट पडद्यावर नाचते आणि पुढच्या चान्ससाठी जाहिरात बघावी लागते. मारिओची मालिका उलट्या दिशेने चालत आली. गल्ल्यासाठी केलेले नियम तिने एकेक करून सैल केले आणि हाताला जमलेली उडी तेवढी राखली.