स्पेलसोर्ड कसा घडवायचा? तलवार आणि जादू दोन्ही चालवणारं, खेळाडूचा कस पाहणारं पात्र

फँटसी आरपीजी सुरू केला की पहिल्याच स्क्रीनवर प्रश्न येतो: योद्धा घ्यायचा की जादूगार? यातलं एकच निवडायचं ज्यांच्या जिवावर येतं, त्यांच्यासाठी स्पेलसोर्ड असतो. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात मंत्र. हे नाव द एल्डर स्क्रोल्स मालिकेच्या चाहत्यांना चांगलंच ओळखीचं आहे. १९९४ च्या अरीनामध्ये या नावाचा तयार क्लास होता आणि २००२ च्या मॉरोविंडमध्येही तो होता. द विचरचा गेराल्ट त्याच जातकुळीतला. उजव्या हाताने तलवार चालवतो आणि डाव्या हाताने साइन टाकतो.

खेळायला मजेदार वाटणारं हे पात्र डिझाइन करायला मात्र फार त्रासदायक आहे. स्वतःचा छोटा गेम बनवणाऱ्या मुलांच्या कागदावर मला स्पेलसोर्ड हमखास दिसतो, आणि बहुतेक वेळा तो दोनपैकी एका खड्ड्यात पडलेला असतो. ते खड्डे कुठले, त्यातून बाहेर कसं यायचं आणि पात्र ‘अवघड’ म्हणजे नेमकं कसं असावं, हे या लेखात पाहू.

एक ना धड, भाराभर चिंध्या

समजा, खेळाडूला वाटायला ४० पॉइंट आहेत. योद्धा सगळे ताकदीत घालतो आणि त्याचा वार ४० चा होतो. जादूगार सगळे बुद्धीत घालतो, त्याचा मंत्रही ४० चा. स्पेलसोर्ड २०-२० वाटतो. आता तो एका क्षणी एकच गोष्ट करू शकतो, म्हणजे प्रत्येक क्षणी तो निम्माच आहे. बेरीज ४० असली तरी ती बेरीज मैदानात कधीच उतरत नाही.

त्यावर इतर नियमांचा भार पडतो. ऑब्लिव्हियनमध्ये चिलखत घातलं की मंत्रांचा प्रभाव कमी व्हायचा. एल्डन रिंगमध्ये बाटल्यांची एकूण संख्या ठरलेली असते आणि जीव भरणाऱ्या किती, जादूसाठी किती, हे आपणच वाटून घ्यायचं. नुसत्या तलवारीवर खेळणारा जवळपास सगळ्या बाटल्या जिवासाठी ठेवतो, स्पेलसोर्डला तिथेही वाटणी करावी लागते.

हे लक्षात आल्यावर डिझायनर आकडे वाढवतो. २० चे ३० करतो, वर थोडा माना देतो. की लगेच दुसरा खड्डा. आता स्पेलसोर्ड लांबूनही मारतो, जवळूनही मारतो, आणि बाकीचे क्लास कोणी घेतच नाही. मग आकडे पुन्हा खाली. असं वर-खाली करण्यात महिने जातात, कारण गडबड आकड्यांत नसतेच. तलवार आणि जादू ही दोन वेगळी दुकानं एकाच माणसाला चालवायला दिलेली असतात, गडबड तिथे आहे.

माझं मत विचाराल तर नियम एकच: तलवारीशिवाय जादू भरू नये आणि जादूशिवाय तलवारीला वाट मिळू नये. दोन्ही एकमेकांवर अवलंबून ठेवले की पात्र आपोआप अवघड होतं आणि त्याला कमकुवत करावं लागत नाही.

अवघडपणा कुठून येतो

थोडं फ्रेमचं गणित करू. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतोय. शत्रूने हात उगारल्यापासून वार लागेपर्यंत अर्धा सेकंद, म्हणजे ३० फ्रेम. दिसलेली गोष्ट ओळखून बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, त्यात १५ फ्रेम गेल्या. हातात उरल्या १५. चकवा देणं ४ फ्रेममध्ये सुरू होतं, ते जमतं. झटपट वार १२ फ्रेमचा, तोही कसाबसा जमतो. मंत्र मात्र ३६ फ्रेमचा आहे. तो शत्रूचा हात पाहून टाकताच येत नाही. तो आधीच, शत्रू पुढे काय करणार याचा अंदाज बांधूनच टाकावा लागतो.

म्हणजे तलवार चालते प्रतिक्रियेवर आणि जादू चालते अंदाजावर. स्पेलसोर्ड खेळणाऱ्याच्या डोक्यात ही दोन घड्याळं एकदम चालू असतात, आणि खरा कस तिथे लागतो. शत्रूचा जीव तिप्पट करून ठेवला तर लढाई फक्त लांबते, ती अवघड झाली असं मी म्हणणार नाही.

मंत्र अर्धवट सोडता यावा का? यावा, पण फुकट नाही. पहिल्या १२ फ्रेमपर्यंत चकवा देऊन मंत्र मोडता येतो आणि भरलेली शक्ती निम्मी परत मिळते. त्यानंतर मोडता येत नाही. एवढ्याने खेळाडूला चुकण्याची मुभा मिळते आणि धसमुसळेपणाची किंमतही मोजावी लागते.

पुण्यातला राजी

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आला. त्याआधी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर त्यांनी पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो यशस्वी झाला नाही. तरीही गेम पूर्ण झाला आणि २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमच्या नामांकनांत पोहोचला. छोट्या टीमसाठी ही फार मोठी मजल आहे.

राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी. असुरांनी तिच्या भावाला, गोलूला, पळवलंय. दुर्गेकडून तिला त्रिशूळ मिळतो, पुढे धनुष्यासारखी आणखी शस्त्रं मिळतात आणि त्यांना वीज, आग, बर्फ अशा शक्ती जोडता येतात. व्याख्येत काटेकोर बसवायची तर ती स्पेलसोर्ड नाही, पण प्रश्न तोच सोडवलाय: हत्यार आणि दैवी शक्ती एकाच पात्रात कशी बसवायची? इथे उत्तर असं आहे की शक्ती हत्यारावरच स्वार होते. आधी तलवार, मग मंत्र, अशी अदलाबदल करायची वेळच येत नाही. कस लागतो तो शरीराच्या हालचालीत, कारण राजी खांबाला गिरकी घेऊन आणि भिंतीवर धावत जाऊन हल्ला करते. डोंबाऱ्याच्या खेळात वाढलेल्या मुलीला हेच शोभतं. जादू देवांची, कसरत तिची.

छोट्या टीमने या उत्तराकडे आणखी एका कारणासाठी पाहावं. चार हत्यारं आणि पाच मंत्र वेगवेगळे ठेवले तर २० जोड्या होतात. प्रत्येक जोडीला सुरुवात, शेवट आणि मध्येच मोडलेला मंत्र अशी तीन ॲनिमेशन धरली तर ६० झाली. शक्ती हत्यारावर चढवली तर हालचाल तीच राहते, फक्त वरचा इफेक्ट बदलतो. दोघा-तिघांच्या टीमला हा फरक गेम पूर्ण होणं आणि न होणं यातला असू शकतो.

पण यात काहीतरी गमावतोही. ‘आत्ता तलवार की आत्ता मंत्र?’ हा निर्णय नाहीसा होतो, आणि मला स्पेलसोर्डमध्ये तोच हवा असतो. म्हणून एक वेगळा प्रयोग कागदावर करून पाहू.

पटाईत: कागदावरचा एक स्पेलसोर्ड

शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ करणारी मुलं-मुली तुम्ही पाहिली असतील. त्यातला दांडपट्टा नीट बघा. (२०२४ मध्ये त्याला महाराष्ट्राच्या राज्यशस्त्राचा दर्जा मिळालाय.) पात्याला मूठ नसून पोलादी खोबणी असते, ती पंजापासून हाताच्या पुढच्या भागापर्यंत झाकते आणि आतली आडवी दांडी मुठीत धरायची. त्यामुळे मनगट वळत नाही. वार निघतो तो कोपर, खांदा आणि सगळ्या अंगाच्या फिरकीतून. ‘पटाईत’ हा शब्दही इथलाच, मुळात पट्टा चालवण्यात तरबेज माणसासाठीचा. आपल्या क्लासला यापेक्षा चांगलं नाव कुठून मिळणार?

डिझायनरला या हत्यारात सोनं आहे, कारण मर्यादा हत्यारातच आहे, वरून चिकटवायची गरज नाही. उजवा हात पट्ट्यात अडकला. त्याने दार उघडता येत नाही, दोर धरता येत नाही, बाटलीही धरता येत नाही. सगळं डाव्या हातावर: मंत्रही, औषधही, कड्याला लटकणंही. तीन-तीन मीटर स्क्रीनवर दाखवण्यापेक्षा ‘डावा हात मोकळा आहे का?’ हा एकच प्रश्न खेळाडूला सतत पडत राहील, आणि तो स्क्रीनवर पात्राकडे पाहूनच कळेल. पट्टा काढायला २ सेकंद लागतात. म्हणजे लढाईत काढायचा विचारच सोडा.

आता नियम. एक फेर ४० फ्रेमचा. सुरू झाला की दिशा बदलता येते, थांबवता येत नाही. सलग लागलेला प्रत्येक वार एक ‘वेग’ देतो, जास्तीत जास्त ४. सेकंदभर वार लागला नाही की एक वेग उतरतो. मंत्र साठलेला सगळा वेग खर्च करतो: एका वेगावर शत्रू फक्त मागे ढकलला जातो, चारावर त्याची ढाल ३ सेकंद उघडी पडते. फेर संपतानाच्या १० फ्रेममध्ये बटण दाबलं तर मंत्र ३० फ्रेममध्ये निघतो, नाहीतर ४५ लागतात.

आकडे घालून पाहू. ढालवाल्या शत्रूचा जीव ३००. पट्ट्याचा वार २० चा, पण ढालीवर फक्त ५ पोहोचतात. उघड्या शत्रूवर दुप्पट, म्हणजे ४०. मंत्राचे २० ढालीतूनही लागतात. नुसत्या पट्ट्याने ६० वार लागतील, म्हणजे ४० सेकंद. दोन्ही वापरले तर चार वारांत २०, मंत्राचे २०, मग उघड्या शत्रूवर चार वारांचे १६०. पहिल्या फेरीतच २०० गेले. उरलेले १०० दुसऱ्या फेरीत, तेही अर्ध्यावरच. एकूण सुमारे १० सेकंद. नुसत्या जादूने? वेगच भरत नाही, त्यामुळे शून्य.

तीन सेकंद म्हणजे १८० फ्रेम, त्यात चार वारांना १६० लागतात. शिल्लक फक्त २०. त्या वेळात एकदा जरी चकवा द्यावा लागला तर एक वार हुकला. हावरटपणा करायचा की नाही, हा निर्णय खेळाडूने दर वेळी घ्यायचा.

इथे एक भोक आहे, ते बुजवल्याशिवाय पुढे जाऊ नका. उघड्या शत्रूवरच्या चार वारांनीही वेग भरला तर तिसरा सेकंद संपताच पुन्हा मंत्र, पुन्हा ढाल उघडी. ही साखळी संपतच नाही आणि शत्रू मरेपर्यंत बिचारा हलत नाही. म्हणून नियम हवा: उघड्या शत्रूवरच्या वाराने वेग भरत नाही. दोन गोष्टी एकमेकांना पोसतात अशा कुठल्याही डिझाइनमध्ये हे चक्र शोधून मुद्दाम कुठेतरी तोडावंच लागतं.

शत्रूंशिवाय पात्र अपुरं

पटाईताला प्रश्न विचारणारे शत्रू नसतील तर वरचं सगळं वाया. ढालवाला विचारतो, वेग भरून ठेवलास का? लांबचा तिरंदाज वेग उतरवत बसतो, त्याच्याजवळ पोहोचायची घाई करायला लावतो. चपळ, बुटका शत्रू फेराच्या खालून घुसतो, त्याला एका वेगाचा धक्काच बरा. आधी हे एकेकटे भेटवा, मगच एकत्र सोडा. तिरंदाज आणि ढालवाला पहिल्यांदाच जोडीने आले तर खेळाडू काही शिकत नाही, नुसता मरतो.

एक अडचण आपल्याकडे हमखास येते: आपल्यातले कितीतरी जण मोबाइलवर खेळतात. काचेवर बोटाला बटण जाणवत नाही. डावा अंगठा चालण्यात अडकलेला, उजव्याकडे फार तर चार बटणं. तिथे १० फ्रेमची खिडकी जाचक होते, मी ती १४ करेन. मंत्र कुठला निघेल हे वेगावरून ठरतं, त्यामुळे मंत्राला एकच बटण पुरतं. हीच गोष्ट पीसीवर सोय आहे, मोबाइलवर गरज.

हे सगळं तपासायला चकाचक ग्राफिक्स लागत नाहीत. गोडोसारखं मोफत इंजिन घ्या, माणसाच्या जागी डबा, पट्ट्याच्या जागी पट्टी. मग ज्याला नियम माहीत नाहीत अशा कुणाच्या तरी हातात द्या आणि गप्प बसून बघा. तो मेला की एकच विचारायचं, कशामुळे मेलास? ‘अजून एक वार बसेल असं वाटलं’ हे उत्तर आलं तर पात्र जमतंय. ‘दाबलं होतं पण निघालंच नाही’ असं म्हणाला तर आकड्यांना हात लावू नका, आधी बटणांचं बघा. आणि तो प्रत्येक शत्रूला एकाच पद्धतीने मारत सुटला असेल, तर कुठलं तरी चक्र अजून तोडायचं राहिलंय.