लाल अग्निमुंगी आणि अमेरिकेतील निर्मूलन मोहीम : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
लाल अग्निमुंगी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील. १९३० च्या दशकात ती मालवाहू जहाजांतून अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबील बंदरात पोहोचली, असे मानले जाते. १९४२ मध्ये एडवर्ड विल्सन या शाळकरी मुलाने तेथे तिचे वारूळ नोंदविले. हेच विल्सन पुढे ख्यातनाम कीटकशास्त्रज्ञ झाले. वर्तनाचा पुरेसा अभ्यास होण्यापूर्वीच हाती घेतलेल्या नियंत्रणाचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्मूलनाचे प्रयत्न :
१९५७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने निर्मूलनासाठी २४ लाख डॉलर मंजूर केले. विमानांतून हेप्टाक्लोर व डायएल्ड्रिन यांची फवारणी झाली. पक्षी, मासे व पाळीव जनावरे मृत्युमुखी पडली. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात या मोहिमेवर कठोर टीका केली. विशेष म्हणजे फवारणीत स्थानिक मुंग्याही मेल्या. नवी राणी उड्डाणानंतर मोकळ्या जमिनीत वारूळ वसविते. प्रतिस्पर्धी नाहीसे झाल्याने तिला रान मोकळेच मिळाले.

१९६२ पासून मायरेक्सचे आमिष वापरात आले. सोयाबीन तेलातील हे मंद विष मक्याच्या भरडीत मुरविले जाई. कामकरी मुंग्या अन्न मुखावाटे परस्परांना देतात. त्यामुळे विष राणीपर्यंत पोहोचे. उपाय वर्तनाशी सुसंगत होता, परंतु सरसकट हवाई वापरामुळे इतर मुंग्याही नष्ट झाल्या आणि विषाचे अंश निसर्गात टिकून राहिले. १९७८ पर्यंत त्याचा वापर थांबला.

मोहीम सुरू झाली तेव्हा या मुंगीची स्वतंत्र जाती म्हणून ओळखही निश्चित नव्हती. १९७२ मध्ये विल्यम ब्युरेन यांनी तिला ‘सोलेनोप्सिस इन्विक्टा’ हे नाव दिले. ‘इन्विक्टा’ म्हणजे अजिंक्य! अनेक राण्या असलेली वारुळेही १९७० च्या दशकात लक्षात आली. १९९० च्या दशकापासून मुंगीचे डोके छाटणाऱ्या परजीवी माश्या सोडण्यात आल्या. त्यांच्या भीतीने मुंग्यांचे अन्नसंकलन मंदावते, मात्र उच्चाटन होत नाही.

निष्कर्ष :
२००१ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड विमानतळावर एक वारूळ वेळीच सापडले व तेथे निर्मूलन यशस्वी झाले. प्रसार झाल्यानंतर मात्र निर्मूलनाचा हट्ट महागात पडतो, हा अमेरिकेचा अनुभव आहे. कीटकाच्या वर्तनाचे ज्ञान हे नियंत्रणाची पूर्वअट ठरते. ते नसेल तर उपायच आक्रमकाचा साहाय्यक होतो.